भीमाशंकरचं तिकीट काढू नका, भोरगिरीचं काढा

एसटीत सत्तावीस वर्षं कंडक्टरकी केली. त्यातली बरीचशी खेडच्या पश्चिम पट्ट्यात गेली. खेड म्हणजे राजगुरुनगर. पाटीवर काहीही लिहिलं असलं तरी आमच्या तोंडात खेडच येतं. पुण्या-मुंबईची पोरं पाठीवर पिशव्या घेऊन गाडीत चढायची आणि विचारायची, "काका, जंगल बघायचंय, शेकरू बघायचंय, कुठे उतरू?" मी न बघता भीमाशंकरचं तिकीट फाडून द्यायचो. शेवटचा थांबा, मोठं नाव, माझ्या डोक्याला ताप नाही. संध्याकाळी परतीला तीच पोरं भेटायची. पेढे घेतलेले, देवदर्शन झालेलं, वानरांनी बिस्किटं पळवलेली. शेकरू? "नाही दिसलं, काका."

दिसणार कसं? शेवटच्या थांब्यावर दुकानं, पायऱ्या, हॉर्न आणि लाउडस्पीकर. जंगल आहे, पण ते या सगळ्याच्या पाठीमागे. शेकरूला आंघोळ करून रांगेत उभं राहायचं नसतं.

म्हणून आता रिटायर झाल्यावर खरं सांगतो. भोरगिरीचं तिकीट काढा. तिथून भीमा नदीच्या संगतीनं जंगलातून वर चालत या, गुप्त भीमाशंकर करून देवळापाशी पोचा आणि परतीची गाडी तिथून धरा. सात-आठ किलोमीटरची वाट आहे. न थांबता चाललात तर तीन तास. पण न थांबता चालायचं असेल तर मग खेडच्या मैदानावर दहा चकरा मारा, तेवढाच व्यायाम होतो.

आधी जागेबद्दल थोडं. भीमाशंकर अभयारण्य 1985 साली जाहीर झालं, क्षेत्र साधारण 130 चौरस किलोमीटर, पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं. मुख्य कारण शेकरू, म्हणजे झाडावर राहणारी मोठी खार, आपला राज्यप्राणी. सह्याद्रीचा ऐन माथा आहे हा. एका बाजूला कडा तुटून कोकण, दुसऱ्या बाजूला उतरत उतरत घोड आणि भीमेची खोरी. पंढरपुरात जिला चंद्रभागा म्हणतात ती इथून निघते. आमच्या आईनं आयुष्यभर वारी केली. तिला मी पहिल्यांदा भोरगिरीला नेलं तेव्हा ती ओढ्याएवढ्या भीमेत पाय सोडून बसली आणि म्हणाली, "एवढीशीच?" पुढं बराच वेळ काही बोलली नाही.

गाडी आणि वेळ

पुण्याहून नाशिक रस्त्यानं राजगुरुनगर चाळीसेक किलोमीटर. तिथल्या स्टँडवर भोरगिरीची गाडी विचारा. चास, वाडा, शिरगाव, टोकावडे करत जाते. वाड्याच्या आसपास चासकमान धरणाचं पाणी दिसायला लागतं, तिथून पुढं खिडकी सोडू नका. गाड्या मोजक्या असतात आणि वेळा बदलतात. फोनवरच्या माहितीवर विसंबू नका, स्टँडच्या चौकशी खिडकीत आदल्या दिवशी विचारा. पंचाहत्तरी पार केलेल्यांना तिकीट लागत नाही, बायकांना अर्धं. आधारकार्ड मात्र जवळ ठेवा, नाहीतर माझ्यासारख्या कंडक्टरशी हुज्जत घालायची वेळ येते आणि त्यात कंडक्टरच जिंकतो.

सगळ्यात चांगलं म्हणजे आदल्या संध्याकाळी जाऊन गावात मुक्काम करणं. पश्चिमेकडच्या शेवटच्या गावांना पूर्वीपासून मुक्कामी गाड्या असतात. रात्री गाडी गावात थांबते, पहाटे तीच खेडला निघते. ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात. मला जंगल जे काही कळलं ते या मुक्कामांमुळं. गावात घरगुती जेवणाची सोय होते, आधी कळवलं तर नाचणीची भाकरी, पिठलं आणि असा ठेचा मिळतो की सकाळी वेगळा गजर लावावा लागत नाही. लोक बहुतेक महादेव कोळी समाजाचे. घरात जेवलात तर पैसे विचारून, नीट हातात द्या. "राहू द्या" म्हणतील, तरी द्या.

उजाडताना चालायला लागा. शेकरू सकाळी आणि दुपार कलल्यावर हिंडतं, मधल्या उन्हात फांदीवर आडवं पडून असतं. शहरातून सकाळी निघालेला माणूस नेमका बारा वाजता जंगलात पोचतो आणि सगळ्या प्राण्यांच्या वामकुक्षीला हजेरी लावून परत जातो.

कोणत्या महिन्यात

लोक श्रावणात येतात. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र हे दिवस जंगलासाठी बाद समजा. त्या दिवसांत आम्ही जादा गाड्या सोडायचो आणि माणसं मोजता मोजता बोटं दुखायची.

मला विचाराल तर दोन वेळा. पहिली, सप्टेंबर सरता सरता ते नोव्हेंबर. पाऊस ओसरलेला, ओढे वाहते, सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, सोनकीचा पिवळा पसारा आणि तेरड्याचा गुलाबी. हवा धुतलेली. फोटो काढणाऱ्यांनी यावेळी यावं. दुसरी, मार्च ते मेचा मध्य. ऊन असतं, पण वाटेचा मोठा भाग सावलीतला. अंजनीच्या झाडाला निळी-जांभळी फुलं येतात, आणि तीही थेट खोडाफांद्यांना चिकटून, जणू कुणी झाडाला शाई शिंपडली. पुढं करवंदं, जांभळं. फळ असेल तिथं पाखरं आणि शेकरू. जनावर बघायचं असेल तर या दिवसांत या.

जून ते ऑगस्ट जंगल सर्वात देखणं आणि सर्वात बेभरवशाचं. त्याचं वेगळं सांगतो.

शेकरू बघायची आजीची पद्धत

भोरगिरीच्या गाडीला एक आजी असायच्या. एप्रिल-मेमध्ये बाळहिरड्याची पोती घेऊन खेडच्या बाजाराला. हिरड्याची कोवळी फळं वाळवली की बाळहिरडा होतो, औषधाला जातो, इकडच्या घरांचं वर्षाचं मीठ-मिरची त्यावर चालतं. पोत्याचं लगेज तिकीट काढायचं म्हटलं की आजी मला जंगलातल्या गोष्टी सांगायच्या आणि मी लगेज विसरायचो. (आता पेन्शन सुरू झालीय, म्हणून लिहितोय.)

एका मुक्कामाच्या सकाळी गाडी बंद पडली. मेकॅनिक येईपर्यंत चार तास. आजी म्हणाल्या, "चल, तुला दाखवते." मी जंगलात शिरल्या शिरल्या मान वर करून चालायला लागलो.

"आरं, वर काय बघतुस? खाली बघ आदी."

खाली अर्धवट खाल्लेली उंबरं पडली होती, ताजी, अजून चीक न सुकलेली. सोबत सालीचे कुरतडलेले तुकडे. आजी तिथंच एका दगडावर बसल्या आणि मला बसवलं. बोलायचं नाही, उठायचं नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला वाटलं, डेपोत हजेरी कशी लावू. मग वरून एक टपकन पडलं. आणखी एक. मग पानांत सळसळ, आणि एक लांब, झुबकेदार शेपूट फांदीवरून खाली लोंबताना दिसलं. अंग नंतर दिसलं.

तर पद्धत अशी. जमिनीवर ताजं उष्टं शोधा. वर पानं हलतात का बघा, वाऱ्यानं सगळी फांदी हलते, शेकरूनं एकच जागा हलते. आधी शेपूट शोधा, कारण अंगापेक्षा शेपूट लांब असते आणि ती लपत नाही. पाठ तांबूस-तपकिरी, पोट फिकट. ओरडणं ऐकलंत तर खारीचं आहे असं वाटणारच नाही, लाकडी खुळखुळा जोरजोरानं वाजवावा तसा आवाज येतो. तुम्हाला बघून ओरडत असेल तर दोन पावलं मागं सरका आणि बसा. माणूस बसला की त्याची भीती कमी होते. उभा माणूस हात वर करून फोटो काढायला लागला की ते झाडाच्या पलीकडच्या बाजूला जातं आणि तिथून तुम्ही जाईपर्यंत हलत नाही.

उंच झाडांच्या दुबेळक्यात काटक्या-पानांचे मोठे गोळे दिसतील, टोपलीएवढे. ती त्याची घरटी. एक शेकरू एकापेक्षा जास्त घरटी बांधतं, त्यामुळं घरटं दिसलं म्हणून मालक घरी असेलच असं नाही. आणखी एक बघण्यासारखं म्हणजे त्याचा रस्ता. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही, झाडावरून झाडावर जातं, वीस-वीस फुटांची झेप घेतं. म्हणजे ज्याला आपण झाडांची गर्दी म्हणतो ती त्याची सडक. मधलं एक मोठं झाड तुटलं की त्याच्या सडकेवरचा पूल गेला. आमच्या रस्त्यावरचा पूल वाहून गेला की फेरी रद्द व्हायची, ते आठवून मला हे लगेच पटलं.

कानांनी बघायचं

जंगल दाट आहे, पंधरा फुटांपलीकडचं दिसत नाही. ऐकू मात्र येतं. इकडं गाडी थांबवायला लोक शीळ घालतात. पहिल्या पावसाळ्यात भोरगिरीत पहाटे शीळ ऐकू आली, लांबलचक, सूर लावल्यासारखी. मी ड्रायव्हरला म्हटलं, थांब, प्याशिंजर आहे. तो हसला. ओढ्याकाठी बसलेला शीळकरी कस्तुर होता. काळा-निळा पक्षी, पाण्याजवळ राहतो, पावसाच्या दिवसांत पहाटे गातो. अगदी एखादा उनाड पोरगा शाळेला जाताना शीळ वाजवत चाललाय असं वाटतं. त्याच्यासाठी मी एकदा खरोखर सिंगल बेल दिली होती.

शेपटीला दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकाला पिसं असलेला काळा पक्षी म्हणजे भृंगराज. हा नकल्या आहे, दुसऱ्यांचे आवाज काढतो. तो दिसला तर पुढं जाऊ नका, थांबा. त्याच्यासोबत बऱ्याचदा लहान-मोठ्या पाखरांची टोळी चालते, कुणी खोडावर, कुणी पानांत, कुणी हवेत किडे टिपत. पाच मिनिटांत टोळी डोक्यावरून जाते आणि पुन्हा सामसूम. जंगलात अर्धा तास काही नाही आणि मग एकदम सगळं, असं असतं. अगदी आमच्या गाड्यांसारखं.

कुत्रा भुंकल्यासारखा आवाज भलत्याच जागी, गावापासून लांब आला तर ते भेकर असू शकतं. हरणाच्या जातीचं लहान जनावर, घाबरलं की भुंकतं. वानरंही त्याच वेळी खेकसायला लागली तर आसपास बिबट्या असण्याची शक्यता. घाबरायचं कारण नाही, एकत्र राहा, मागं वळा, पळू नका. बिबट्या बघायचाच असा हट्ट असेल तर इथं पाय झिजवू नका. मंचर-नारायणगावच्या उसात त्याची भेट व्हायची शक्यता जास्त, आणि तिथल्या शेतकऱ्याला विचारा त्या भेटीत किती मजा असते.

ओढ्याच्या ओल्या मातीवर फुलपाखरं बसतात. काळं, पाठीमागच्या पंखांवर निळी चमक असलेलं मोठं दिसलं तर ते निलवंत, आपलं राज्य फुलपाखरू. त्याच्यासाठीही तोच नियम, बसा.

वाट आणि पाऊस

भोरगिरीत कोटेश्वराचं देऊळ आहे, वर गडावर कोरीव गुहा. सकाळी वेळ असेल तर देऊळ करा, गड दुसऱ्या खेपेला ठेवा. वाट गावातूनच धरते. पहिल्यांदा जात असाल तर गावातला माणूस सोबत घ्या, यात कंजुषी नको. गुरांच्या वाटा खूप फुटतात आणि गुरांना भीमाशंकरला जायचं नसतं.

हे मी फुकट शिकलो नाही. जुलै महिना होता, सुट्टीचा दिवस, "मला रस्ता माहीत आहे" हा माज. दुपारी दीड वाजता एकटा निघालो. तासाभरात ढग खाली उतरले, हात लांब केला तर बोटं धूसर. वाट समजून गुरांच्या वाटेनं गेलो आणि एका ओढ्यापाशी आलो. पोचलो तेव्हा घोट्याएवढं असलेलं पाणी अर्ध्या तासानं मांडीला लागलं. वर कुठंतरी कोसळला असणार, माझ्याकडं तर नुसती भुरभुर होती. पलीकडं जायचा मोह झाला. नशीब की लाकडाची मोळी घेतलेली दोन माणसं आली, इरलं डोक्यावर, आणि एकानं नुसतं विचारलं, "पावनं, घरी कुणी हाय का न्हाय?" त्यांच्यामागं मुकाट गावात परतलो.

तर पावसाळ्यात: अकराच्या आत जंगलातून अर्धी वाट झालेली पाहिजे. ओढा फुगलेला असेल तर थांबा किंवा परत फिरा, पाणी ओसरतंही लवकर. छत्री घाटात उलटी होते, रेनकोट घ्या. आणि वनखात्यानं वाट बंद केली असेल तर ती बंद. गावात आणि चौकीत विचारूनच निघा. कोकणातून खांडसहून येणाऱ्या शिडी घाटाचं तर पावसात नाव काढू नका. त्या बाजूनं यायचंच तर गणेश घाट, आणि तोही माहितगारासोबत.

फांदीला हात लावायच्या आधी फांदी बघा. चापडा नावाचा हिरवा विषारी साप पानांत पानासारखा बसलेला असतो. तो अंगावर येत नाही, तुम्ही त्याच्यावर हात ठेवू नका म्हणजे झालं. लांब बाह्यांचा मळक्या रंगाचा शर्ट, पकड असलेले बूट, दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, टॉर्च. अत्तर लावून येऊ नका. बिस्किटाचा पुडा वानरांसमोर उघडू नका, पूर्ण पिशवी जाते. स्पीकर आणलात तर काहीच दिसणार नाही आणि मी डबल बेल देऊन तुम्हाला तिथंच सोडीन.

गुप्त भीमाशंकरला ओढ्याच्या पात्रात पाण्याच्या धारेखाली पिंड आहे. इथं सावली गार असते, अर्धा तास टेका. पुढं साक्षी गणपती आणि मग हळूहळू माणसांचे आवाज वाढतात, तेव्हा समजायचं की जंगल संपत आलं. देवळात गेलात तर मोठी घंटा बघा. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांकडून मिळालेल्या घंटांपैकी ती, असं सांगतात. घंटीवर आयुष्य काढलेल्या माणसाला तिच्याबद्दल थोडा आदर वाटणारच.

देवळापासून संध्याकाळची शेवटची गाडी कधी, हे वर पोचल्या पोचल्या विचारा, दर्शनानंतर नाही. अंधार पडल्यावर अभयारण्यात थांबता येत नाही, आणि थांबूही नये.

रात्रीचं एक

अंधारात जंगलात शिरू नका म्हटलं, पण रात्र बघायची तर गावाच्या कडेला उभं राहून बघता येते. जुलैतला मुक्काम. लाईट गेलेली. गाडीच्या मागं उतरलो तर बांधावर पडलेल्या कुजक्या फांद्या हिरवट, मंद उजळलेल्या. काजवे नव्हते, हलत नव्हत्या. बॅटरी मारली की नुसतं ओलं लाकूड, बॅटरी बंद केली की थोड्या वेळानं पुन्हा उजेड. लाकूड कुजवणारी बुरशी असते ती, भर पावसात लाकूड चिंब भिजलं की चमकते. बघायची तर टॉर्च बंद करून दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या, मोबाईलसुद्धा खिशात. चांदणं असेल तर नाद सोडा.

आजींना दाखवायला मी ओसरीवर हाक मारली. त्यांना काही विशेष वाटलं नाही. "पावसाचं लाकूड हाय त्ये," म्हणून झोपायला गेल्या.

मी मात्र एक काटकी तिकिटाच्या पेटीत घालून आणली, बायकोला दाखवायला. उचलायला नको होती, तुम्ही उचलू नका. सकाळी डेपोत हिशेब देताना कॅशियरनं पेटी उघडली, वेबिलाच्या खाली ओला, काळा, कुजका तुकडा. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "रात्री हे चमकत होतं." त्यानं चष्मा वर केला आणि विचारलं, "काल मुक्कामाला काय घेतलं होतंस?"